देवळातला चोर

बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा अनुवादाचा खर्डा वाचला. समासात मूळ शब्द लिहिताना 'सॅक्रिलीजस'चं स्पेलिंग चुकलंस: 'आर'नंतर 'आय' आणि 'एल'नंतर 'ई' हवा, तू नेमकी अदलाबदल केलीस. त्याचं एवढं वाटून घेऊ नकोस, खुद्द इंग्रजसुद्धा हीच चूक सर्रास करतात. शब्दात 'रिलिजस' ऐकू येतं आणि हात कानाचं ऐकतो. पण पुढे मराठीत 'अधार्मिक' लिहिलंस, ते मी खोडलं.

त्या शब्दात धर्म नाही, चोर आहे. लॅटिनमध्ये 'साकेर' म्हणजे देवाला वाहिलेलं, 'लेगेरे' म्हणजे वेचणं, उचलणं. देवाचं उचलून नेणारा तो 'साक्रिलेगुस'. इ.स.पू. 70 मध्ये रोमन वक्ता-वकील सिसेरोने सिसिलीचा माजी सुभेदार वेरेस याच्यावर खटला चालवला, त्यात देवळांतल्या मूर्ती लुटल्याचाही आरोप होता. खटला पुरा होण्याआधीच गडी रोम सोडून पळाला. भावना दुखावणं वगैरे अर्थ फार पुढचा. 'लेगेरे'चा दुसरा अर्थ वाचणं; 'लेक्चर' त्यातूनच आलं. शाळेच्या पुस्तकातले 'वेचे' आठव, हे नातं पाठ करावं लागणार नाही.

'प्रोफेन'मध्ये चोरी नाही. 'फानुम' म्हणजे देऊळ, 'प्रो फानो' म्हणजे देवळासमोर, उंबऱ्याबाहेर. (त्याच 'फानुम'चा 'फॅनॅटिक', तो मात्र आतला, अंगात आलेला!) 'डेसिक्रेट' त्या मानाने पोरसवदा, सतराव्या शतकात 'कॉन्सिक्रेट' (देवाला वाहणं) उलटवून इंग्रजीनेच घडवला.

तू तिन्ही ठिकाणी 'अपवित्र' लिहून मोकळी झालीस. पहिल्या उताऱ्यात दानपेटी फुटते, तिथे सरळ देवाच्या पैशाची चोरी म्हण. 'प्रोफेन'ला बऱ्याचदा 'ओवळं' चालतं. 'डेसिक्रेट'ला 'बाटवणं' बघ, जड वाटलं तर 'भ्रष्ट करणं'.

आता पान अकरा. 'होमो साकेर'ला तू 'पवित्र पुरुष' केलंस आणि पुढच्याच ओळीत त्याला कुणी मारलं तरी खून धरत नाहीत, हे वाचून वाचक गोंधळणार. रोमन कायद्यातला हा माणूस देवाच्या ताब्यात गेलेला, म्हणून माणसांच्या कायद्याबाहेरचा. 'साकेर'मध्ये वाहिलेला आणि शापित दोन्ही आहेत. आपल्याकडे वळू देवाला सोडतात, त्यातलं 'सोडलेला' इथे लावून पाहिलं. निम्मं बसतं. पण त्या वळूला कुणी हात लावत नाही, आणि याला कुणीही मारू शकतो. मी दोन दिवस अडलोय. तुला काही सुचलं तर रविवारच्या आत कळव.

तुझा,
काका