दुसऱ्या महायुद्धात भारताने उतरायला हवे होते का?

हा प्रश्न त्या वेळी भारताला कोणी विचारलाच नव्हता. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांशी सल्लामसलत न करता देश युद्धात असल्याचे परस्पर जाहीर केले आणि त्याच्या निषेधार्थ मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसच्या प्रांतिक सरकारांनी राजीनामे दिले. माझ्या मते नाझी जर्मनीविरुद्ध लढणे योग्यच होते; मात्र स्वातंत्र्याचे निःसंदिग्ध वचन आधी मिळायला हवे होते.

पुण्यात हा पेच काही मैलांच्या अंतरात दिसत होता: खडकीला दारूगोळ्याचा कारखाना आणि नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसमध्ये ऑगस्ट १९४२ पासून स्थानबद्ध असलेले गांधीजी. कस्तुरबांनी २२ फेब्रुवारी १९४४ रोजी तिथेच देह ठेवला. त्याच वर्षी जुलैत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे इटलीत शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. (त्यांच्या शौर्याला राजकारणाच्या तराजूत घालू नये.) सैन्यात सुमारे २५ लाख जण स्वेच्छेने गेले, हा युक्तिवाद नेहमी होतो, परंतु घरी पोहोचणाऱ्या पगाराची ओढ वगळून त्याला जनतेची संमती म्हणणे मला पटत नाही.