मुलगे मैदानावर, समतेचा तास वर्गात

प्रश्न : मी ग्रामीण भागातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. आरोग्य किंवा स्त्री-पुरुष समता या विषयावर कोणी व्याख्यात्या आल्या की आम्ही मुलींना सभागृहात बसवतो आणि मुलांना खेळायला मैदानावर पाठवतो. या वर्षी आठवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, सगळे मुलींसाठीच का असते?” मी निरुत्तर झालो. मुलांशी या विषयावर बोलायचे आहे, पण आपल्यावर आरोप होत आहेत असे त्यांना वाटू नये. सुरुवात कशी करावी? — एक शिक्षक, सांगोला

उत्तर : आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न रागातून आलेला असला तरी तो योग्य आहे. समतेचा विषय निघाला की मुलग्यांना बाहेर काढायचे आणि पुढे त्यांच्याकडून चुका झाल्या की त्यांनाच दोष द्यायचा, हा आपल्या शाळांचा जुना शिरस्ता आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत असतो, मिसरूड फुटत असते, स्वप्नावस्थेची, म्हणजे झोपेत होणाऱ्या वीर्यस्खलनाची, त्याला भीती वाटत असते आणि यांपैकी कशाबद्दलही घरात कोणी चकार शब्द काढत नाही. “मुलगा असून रडतोस काय?”, “बायल्या आहेस का?” ही वाक्ये मात्र त्याने बालवाडीपासून ऐकलेली असतात. म्हणून पहिला तास त्याच्याविषयीच असू द्यावा. मुलगा म्हणून काय ऐकावे लागते, काय करावेसे वाटते पण करता येत नाही, हे चिठ्ठीवर नाव न घालता लिहायला सांगावे आणि त्या चिठ्ठ्या आपण स्वतः वाचून दाखवाव्यात.

मात्र तिथेच थांबू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पुरुषांनाही त्रास होतो, एवढ्यावर चर्चा संपली तर मुले हलकी होऊन घरी जातात आणि जेवलेले ताट पूर्वीप्रमाणेच बहिणीसाठी ठेवून उठतात. दुसऱ्या तासाला प्रत्येकाने आईचा आणि स्वतःचा कालचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत तासातासाने लिहावा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. आणि मुळात पाहणीच्या दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुष चारांत साधारण एकच निघाले. हे आकडे फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना आपापल्या वहीतली बेरीज करू द्यावी. आईची बेरीज स्वतःच्या हाताने मांडलेल्या मुलाला आरोप झाल्यासारखे वाटत नाही. समता आली की आपली काही सोय जाणार आहे, हेही त्याला प्रामाणिकपणे सांगावे. मुलांना ते पेलते.

मुंबईतल्या महापालिका शाळांमध्ये २००८ पासून काही वर्षे टाटा समाजविज्ञान संस्था, कोरो ही सामाजिक संस्था आणि स्त्रीविषयक संशोधन करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था यांनी सहावी-सातवीच्या मुलग्यांना आणि मुलींना घेऊन असेच तास चालवले होते. महाविद्यालयीन तरुणांबरोबर हेच काम १९९३ मध्ये स्थापन झालेली ‘मावा’ ही पुरुषांची संघटना करत आली आहे. आपल्याला अगदी शून्यापासून मांडणी करावी लागणार नाही.

मासिक पाळीच्या व्याख्यानाबाबत एक पथ्य सुचवते. मुलींना मोकळेपणाने शंका विचारता याव्यात म्हणून त्यांचा एक तास स्वतंत्र ठेवावा आणि त्यानंतर मुलग्यांसाठी त्याच विषयाचा तास घ्यावा, शक्यतो आपण स्वतः, कारण पुरुष शिक्षकाने न लाजता हा शब्द उच्चारणे हाच मुलांसाठी मोठा धडा असतो. पाहुण्यांच्या स्वागताला मुली आणि बाके उचलायला मुलगे, ही वाटणीही या वर्षी बदलून पाहावी. शिक्षकांच्या खोलीत चहा कोण करते, हे मुले रोज पाहत असतात.

प्रश्न : आम्हाला दोन मुले आहेत. पत्नीला रक्तक्षयाचा त्रास आहे, म्हणून कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया मीच करून घ्यावी असे मला वाटते. माझी आई म्हणते की पुरुषाला त्यामुळे अशक्तपणा येतो आणि जड काम होत नाही. मी हमाली करतो. — एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपला विचार योग्य आहे. आईंची काळजी मायेपोटी आहे, पण त्या काळजीला शास्त्रीय आधार नाही. बिनटाका नसबंदीत त्या जागेपुरती भूल देऊन बारीक छिद्रातून शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या दोन नळ्या बंद करतात. अंडकोषांचे काम तसेच चालू राहते, पुरुषी संप्रेरक पूर्वीप्रमाणेच रक्तात मिसळते, त्यामुळे ताकद किंवा शरीरसुख कमी होत नाही. माणूस त्याच दिवशी घरी जातो. आपले काम ओझ्याचे असल्याने दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी आणि ओझे पुन्हा कधी उचलायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. याचा परिणाम मात्र लगेच होत नाही. पुढचे तीन महिने निरोध वापरावा आणि वीर्यतपासणीत शुक्रजंतू नाहीत अशी खात्री झाल्यावरच तो थांबवावा. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोटात शिरावे लागते, त्यामुळे रक्तक्षय असलेल्या पत्नीच्या दृष्टीने आपला निर्णय अधिक सुरक्षित आहे. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुष नसबंदीचे प्रमाण होते ०.३ टक्के. आणीबाणीत पुरुषांवर झालेल्या सक्तीची दहशत खरी होती, पण तिच्यानंतर सगळा भार स्त्रियांच्या शरीरावर ढकलला गेला आणि तो तिथेच राहिला, याचे मला फार वाईट वाटते. याच महाराष्ट्रात समाजसुधारक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले होते. आईंना आरोग्य केंद्रात सोबत न्यावे आणि डॉक्टरांकडूनच त्यांचे शंकासमाधान करून घ्यावे.

प्रश्न : माझ्या नावावरील चार एकरांत पत्नीचे नाव लावायचे आहे. भाऊबंद हसतात. — एक शेतकरी, निफाड

उत्तर : आपल्या शेजारच्या चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले होते, आणि त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत कितीतरी शेतकऱ्यांनी आपण होऊन पत्नीच्या नावे जमीन केली. आपण एकटे नाही. पतीच्या हयातीतच सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय राज्य शासनाने १९९२ मध्ये याच नावाने केली. पतीने स्वतः अर्ज करावा लागतो. आपल्या गटावर कर्जाचा बोजा किंवा भावांचे सामायिक नाव असेल तर आधी तलाठ्याकडे चौकशी करावी. अर्ज भरताना पत्नीला सोबत घेऊन जावे आणि जमिनीचे गट, सीमा व कर्ज त्यांना नीट समजावून सांगावे. फेरफार, म्हणजे नोंदीतला हा बदल, मंजूर झाला की सातबाऱ्याची नवी प्रत त्यांच्या हाती द्यावी, आणि पुढच्या वर्षी कोणते पीक घ्यायचे व किती कर्ज काढायचे हे दोघांनी बसून ठरवावे.