लग्नाआधी दहा किलो

मी आहाराचा सल्ला देते. संक्रांत झाली की माझ्याकडे एक प्रश्न यायला लागतो. गाव वेगळं, आवाज वेगळा, प्रश्न तोच. "मॅडम, वैशाखात लग्न आहे. महिन्यात दहा किलो उतरवणारा डाएट करतेय, दिवसाला पाचशे कॅलरीचा. चालेल ना?" विचारणारी बहुतेक वेळा डाएट सुरू करून मोकळी झालेली असते. मी फक्त मान हलवायची बाकी असते.

यंदा असे बरेच फोन आले, म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी पंचवीस वर्षांची, खानापूर तालुक्यातली. बेळगावात एका खासगी ऑफिसात हिशेबाचं काम करते, बसनं रोज येऊन-जाऊन. आई तिला माझ्याकडे घेऊन आली तो पाडव्याच्या आधीचा आठवडा होता. बाहेर ऊन रणरणत होतं, माझ्या खोलीतला पंखा गरागरा फिरत होता, आणि ही आत आली ती स्वेटर घालून. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, पंखा जरा कमी करता?"

आईनं पर्समधून कागदाची एक पुडी काढून टेबलावर ठेवली. कुठल्या तरी देवळातला प्रसाद असेल असं मला वाटलं. पुडी उलगडली तर आत केसांचा गुंता, चांगला लिंबाएवढा. "हे आज सकाळचे. एकदाच फणी फिरवली बगा," आई म्हणाली. "पोरगी काय खाईनाच झालीय. रात्री सगळे झोपले की मोबाइलवर कुंदा कसा करायचा ते बघत बसते. करत नाही, खात नाही, नुसतं बघते." कुंदा म्हणजे आमच्या बेळगावची दुधाची मिठाई.

मुलगी खाली मान घालून बसली होती. ती चिडली मात्र नाही.

साखरपुड्याच्या वेळी तिचं वजन ६९ किलो होतं, उंची पाच फूट दोन इंच. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, २८ च्या जवळ. आपल्या भारतीय शरीरांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, तेव्हा वजन कमी करावंसं वाटण्यात तिचं काही चुकलं नव्हतं. हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, कारण तोवर घरातले सगळे तिला "कशाला हे खूळ" एवढंच म्हणत होते. खूळ नव्हतं. रस्ता चुकला होता.

तो रस्ता असा. मैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक तक्ता फिरत होता. सकाळी लिंबू पिळून कोमट पाणी. अकराला अर्धं सफरचंद. दुपारी काकडी-कोबी आणि वाटीभर मुगाचं पाणी. संध्याकाळी पाण्यात कालवलेली एक पावडर, रात्री बिनतेलाचं सूप. आम्ही दोघींनी बसून बेरीज केली, पाचशेच्या आतबाहेर आली. आपल्याकडच्या पोषण संस्थेच्या हिशेबानं बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला साधारण १६६० कॅलरी लागतात. म्हणजे गरजेचा तिसरा हिस्साही तिच्या पोटात जात नव्हता, आणि ती दिवसाला दोन बस बदलून नोकरी करत होती.

नऊ आठवड्यांत १२ किलो गेले होते. त्यातले साडेतीन पहिल्याच आठवड्यात. त्या साडेतीन किलोंनीच घात केला, असं मला आजही वाटतं. काटा असा धडाधड खाली येताना पाहिला की कुणालाही जोर चढेल.

पाळी फेब्रुवारीपासून बंद. पायात गोळे. एकदा संध्याकाळच्या बसमध्ये उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा कंडक्टरनं "कुंदर्री अक्का, नीर कुडीरी" (बसा अक्का, पाणी प्या) म्हणत स्वतःच्या सीटवर बसवलं. घरी तिनं हे सांगितलंच नव्हतं. आई माझ्यासमोर पहिल्यांदा ऐकत होती.

आणि मग केळवणाची रात्र. मामाकडं श्रीखंड-पुरीचा बेत होता. नाही म्हणणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही नको म्हणवेना. मध्यरात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की ती जमिनीवर लोळली. घरातल्यांना वाटलं अपचन. ओव्याचं पाणी दिलं, पोट शेकलं. दोन-अडीच तासांनी आपोआप थांबलं.

हे ऐकल्यावर मी आहाराच्या गप्पा बंद केल्या आणि तिला आधी डॉक्टरांकडे पाठवलं. पित्ताशय ही एक छोटी पिशवी आहे. आपण तेलतूप खाल्लं की ती आवळते आणि पित्त आतड्यात सोडते. जेवणात आठवडेच्या आठवडे स्निग्ध काहीच नसेल तर ती आवळतच नाही, पित्त तिथंच दाटत जातं. त्यात अंगावरची चरबी भरभर वितळताना यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल टाकतं. आठवड्याला दीड किलोच्या आसपास किंवा त्याहून वेगानं वजन उतरवणाऱ्यांत पित्ताचे खडे जास्त दिसतात ते यामुळं. मग एके दिवशी श्रीखंड-पुरी येते, आणि झोपलेली पिशवी एकदम आवळते.

सोनोग्राफीत तिच्या पित्ताशयात खडे नव्हते, दाट गाळ होता. हिमोग्लोबिन ९.६, म्हणजे कमीच. पोटॅशियम ३.१, जे साडेतीनच्या वर असायला हवं. शेवटच्या आकड्यानं डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली आणि त्यांनी तिथल्या तिथं ईसीजी काढला. केस गळतात ते आरशात दिसतं, पोटॅशियम उतरलेलं दिसत नाही, आणि हृदयाचा ठेका त्याच्यावरच चालतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात फक्त द्रव प्रथिनं पिऊन वजन उतरवायची लाट आली होती. १९७७-७८ च्या सुमारास त्यातल्या साठेक मृत्यूंची नोंद झाली. त्यात बरीच माणसं तरुण होती, आणि कित्येकांच्या हृदयाचा ठेका चुकला होता. ती द्रवं जनावरांच्या कातड्यातल्या कोलॅजेनपासून केलेली, म्हणजे प्रथिन म्हणून हलकीच होती.

तिचा ईसीजी सुदैवानं थोडक्यात निभावला. गोळ्या सुरू झाल्या.

आईचा एक मुद्दा मात्र मला खोडता येईना, निदान लगेच. "आमच्या सासूबाई सोळा सोमवार करायच्या, चातुर्मासात एकवेळ जेवायच्या. त्यांना काय नाही झालं ते?" प्रश्न रास्त आहे, आणि आपल्या भागात तो प्रत्येक घरातून येतो. पण उपवास त्याच संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी सुटतो. एकवेळ जेवणारी बाई त्या एका वेळी दोन भाकऱ्या, आमटी, भात, ताक असं पोटभर जेवते. आणि उपवासाचं म्हणाल तर साबुदाण्याच्या खिचडीच्या एका भरल्या ताटलीत या मुलीचा जवळजवळ दिवसभराचा आहार मावला असता. आई हसली. त्या दिवसातलं पहिलं हसू.

मोबाइलवरच्या कुंद्याचं काय, हे मुलीनं स्वतःच विचारलं. आपलं डोकं फिरतंय अशी तिला भीती वाटत होती. मी तिला मिनेसोटाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला तिथल्या विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या राजीखुशीनं, चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. हे तरुण थंडीनं कुडकुडायचे, चिडायचे, खिन्न व्हायचे, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करायचे. काहींनी तर पाककृतींची पुस्तकं जमवायला सुरुवात केली. आणि त्यांना मिळत होत्या दिवसाला सुमारे १५७० कॅलरी.

"माझ्या तिप्पट?" ती म्हणाली. मग स्वेटरची बाही ओढत गप्प बसली. भूक लागणं म्हणजे मनाचा कमकुवतपणा, असं तिनं स्वतःला नऊ आठवडे बजावलं होतं.

दुसऱ्या भेटीत आईला बाहेर बसवलं. तेव्हा खरं कारण निघालं. साखरपुड्यात सगळ्यांचा फोटो काढताना नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली होती, "सरका गं जरा, हिला जागा लई लागते." सगळे हसले होते. हीसुद्धा हसली होती. नवरा मुलगा तेव्हा पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलेला, त्यानं ऐकलंच नव्हतं. "त्यांनी कधी वजनावरून काही बोललंय?" मी विचारलं. नाही. उलट हल्ली फोनवर "तू अशी दमल्यासारखी का बोलतेस" म्हणून विचारत होता.

मग मी काय केलं? फार काही नाही. तिला म्हटलं, त्याला ते वाक्य सांग. तिनं चार दिवस लावले, पण सांगितलं. त्याचं त्याच्या आत्याशी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

खाणं परत आणणं मात्र घाईचं काम नव्हतं, आणि आईला ते पटवणं सगळ्यात अवघड गेलं. माउलीनं त्याच रात्री पुरण घालायचं ठरवलं होतं. बरेच आठवडे उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर गोडधोड दिलं की इन्सुलिन उसळतं, आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. रक्तातली पातळी घसरते आणि उपाशीपणात जे निभावलं ते जेवणात बिघडू शकतं. म्हणून डॉक्टरांच्या तपासण्या चालू ठेवून पहिल्या आठवड्यात हजाराच्या आसपास, मग हळूहळू वर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला पंधराशे. सकाळी ताकातली नाचणीची आंबील आणि अंडं. दुपारी जोंधळ्याची एक भाकरी, मटकीची उसळ, दही, आणि शेंगदाण्याच्या चटणीचा एक चमचा. त्या चमच्याला ती घाबरत होती. तेल सुटलेली चटणी बोटावर घेऊन तिनं बराच वेळ पाहिली, मग चाटली.

दहाव्या दिवशी सकाळी सहाला तिचा फोन. रडत होती. "मॅडम, अडीच किलो वाढलं. सगळं पाण्यात गेलं."

"पाण्यात गेलं नाही, पाणी आलं," मी म्हटलं. माझी झोप पुरती उडाली नव्हती, पण वाक्य बरोबर निघालं. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ठेवतं, ग्लायकोजेनचा. त्याच्या प्रत्येक ग्रॅममागं तीनेक ग्रॅम पाणी असतं. उपाशी राहिलं की आधी हा साठा संपतो आणि त्याच्याबरोबर पाणी जातं. पहिल्या आठवड्यातल्या ज्या साडेतीन किलोंचं तिला अप्रूप होतं, त्यातलं बरंचसं हेच होतं. एक किलो चरबी जाळायला ढोबळमानानं ७७०० कॅलरींची तूट लागते. आठवड्यात साडेतीन किलो चरबी घालवायची तर दिवसाला साडेतीन हजारांहून जास्त तूट हवी, आणि तेवढं तर ती जेवतही नव्हती, खर्चही करत नव्हती. हिशेबाचं काम करणारी मुलगी. आकडे सांगितल्यावर रडू थांबलं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर कुणी तरी मला ब्रिटनचं उदाहरण तोंडावर फेकेल. आठशे कॅलरींच्या आतबाहेरचे आहार डॉक्टर देतात, हे खरं आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात टाइप टूच्या मधुमेहींना काही महिने साधारण सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरींवर ठेवलं, आणि वर्षाअखेर जवळजवळ निम्म्यांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. पण त्यांचा आहार जीवनसत्त्वं, क्षार, प्रथिनं मोजून बनवलेला होता. मधुमेहाच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या, आणि तपासण्या ठरलेल्या होत्या. याउलट निपाणीकडच्या एका वडिलांनी आपल्या लेकीचा असाच तक्ता बघून मधुमेहाची गोळी चालू ठेवूनच पोटाला चिमटा काढला होता. साखर इतकी घसरली की पहाटे घरच्यांनी तोंडात काकवी घातली. ती वेळ पुन्हा कुणावर यावी असं मला वाटत नाही. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, वाढत्या वयाच्या मुली, मूत्रपिंड-हृदयाचे रुग्ण, पूर्वी खाण्याशी भांडण, म्हणजे खाण्यासंबंधीचा मानसिक आजार, झालेल्या, यांच्यासाठी तर हा विषयच नको.

आमच्या मुलीचं वजन लग्नाच्या आठवड्यात ६० किलो होतं. साखरपुड्यापेक्षा नऊ किलो कमी. सोनोग्राफी पुन्हा झाली, गाळ कमी दिसला. पाळी मात्र लग्नानंतर महिन्यानं आली आणि केसांना त्याहून वेळ लागला. उपासमारीनं गळलेले केस गळती थांबल्यावरही परत यायला महिनोन्‌महिने घेतात, त्यामुळं मुंडावळ्यांखाली विरळ भांग दिसू नये म्हणून गजरा जरा पुढं माळला होता.

एक राहिलं. फेब्रुवारीत बेळगावच्या शहापुरात अकरा ब्लाऊज शिवायला टाकले होते, तेव्हा तिनं शिवणाऱ्या बाईंना सांगितलं होतं, "दोन इंच कमीच शिवा, आत माया ठेवू नका. ढिला करायची सोयच नको." एप्रिलमध्ये ते सगळे दंडात अडकायला लागले. सैल करायला आत कापडच नव्हतं. सहा ब्लाऊज नव्यानं शिवावे लागले. लग्नाची पत्रिका द्यायला आली तेव्हा त्यातला एक, मोरपंखी, पिशवीतून काढून तिनं उलटा करून मला दाखवला. काखेच्या शिवणीत दोन्ही बाजूंना बोट-बोटभर कापड दुमडलेलं होतं.

"माया ठेवायला सांगितली, मॅडम," ती म्हणाली.