फिल्म स्कूलच्या मुलांना साउंड रेकॉर्डिंग शिकवायला सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे, की पहिल्या वर्षाच्या मुलांना रेकॉर्डरचा मेनू तोंडपाठ आहे, परीक्षेत गुणही चांगले पडतात, मग त्यांच्या शॉर्ट फिल्ममधले संवाद विहिरीतून आल्यासारखे का वाटतात? पुण्यात दहा-बारा वर्षं हाच विषय शिकवतोय, म्हणून सविस्तर लिहितो. मशीन उशिरा हातात द्या आणि ज्यानं रेकॉर्ड केलं त्यालाच ते एडिट करायला बसवा.

पहिला आठवडाभर मी रेकॉर्डर कपाटाबाहेर काढत नाही. वही घेऊन दहा मिनिटं गप्प बसायचं आणि जे ऐकू येईल ते लिहायचं. पहिल्या दिवशी बहुतेकांच्या वहीत पंखा, गाड्या, कबुतरं एवढंच असतं. चौथ्या दिवशी पंख्याच्या मोटरचा आवाज वेगळा, पात्यांचा वेगळा होतो. ट्यूबच्या चोकची गुणगुण येते. शेजारच्या सोसायटीत पाणी चढवणारी मोटर कधी सुरू झाली, कधी बंद पडली, तेही येतं. आपला मेंदू हे सगळं दिवसभर गाळत असतो, माइक काहीच गाळत नाही. हे शंभरदा सांगून पटत नाही, वहीत उतरलं की पटतं.

मग अंतर. यावर मी अख्खी सकाळ घालवतो आणि तीही अपुरी पडते. एकच मुलगी, एकच वाक्य, गेनला (रेकॉर्डरवर आवाज वाढवायच्या बटनाला) हात लावायचा नाही. माइक आधी १ फुटावर, मग २, मग ४, मग ८. अंतर दुप्पट झालं की तोंडातून थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो, हे फळ्यावर लिहून होतं. पण खोलीत घुमणारा आवाज तसा उतरत नाही, तो जवळपास होता तेवढाच राहतो. त्यामुळे ८ फुटांवरच्या रेकॉर्डिंगची लेव्हल नंतर वाढवली की वाक्याबरोबर खोलीही वाढते. तुमची विहीर ती हीच असणार. चारही फायली एका लेव्हलला आणा आणि हेडफोनवर लागोपाठ ऐकवा. दर वर्षी या ठिकाणी वर्ग शांत होतो. कॅमेऱ्यावर लावलेल्या भारी शॉटगनपेक्षा (म्हणजे समोरचाच आवाज जास्त पकडणाऱ्या लांबट माइकपेक्षा) डोक्यावर दीड-दोन फुटांवर धरलेला साधा माइक सरस ठरतो, हे त्यांना मग स्वतःच्या कानांनी कळलेलं असतं.

रेकॉर्डरची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बोलण्याची शिखरं मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास, शून्याला टेकलं की आवाज फुटतो: एवढ्याला एक दुपार पुरते. हल्ली ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आलेत, त्यात लेव्हल चुकली तरी सावरून घेता येते. लांब धरलेला माइक मात्र त्यातही जवळ येत नाही.

बूम, म्हणजे लांब दांडीला लावलेला माइक, धरण्याला याच्या कितीतरी पट वेळ द्या. फ्रेमच्या कडेच्या जरा वर, रोख छातीच्या वरच्या भागाकडे, बोटं दांडीवर घासायची नाहीत. दोन पात्रं बोलत असतील तर बूम धरणाऱ्याला संवाद पाठ हवेत, कारण दुसऱ्याचं वाक्य सुरू झाल्यावर माइक वळवला तर पहिला शब्द गेलाच. मी बूमवाल्यालाही रिहर्सलला नटांबरोबर उभा करतो.

‘डबिंगमध्ये बघू’ हे उत्तर मुलांकडून येणारच. आपला सिनेमा अनेक दशकं डबिंगवर चालला, कॅमेरेही तेव्हा फार आवाज करायचे. पण २००१ सालच्या ‘लगान’चं चित्रीकरण कच्छच्या उघड्या माळावर सिंक साउंडमध्ये, म्हणजे संवाद शूटिंगच्या वेळीच रेकॉर्ड करून, झालं. आणि विद्यार्थ्यांच्या बजेटमध्ये डबिंगला पैसे असतात तरी कुठे?

आता एडिटचं. मी आधी ज्या संस्थेत होतो तिथे रेकॉर्ड करणारी मुलं वेगळी आणि एडिट करणारी वेगळी. चुका करणाऱ्याला त्या कधी भेटायच्याच नाहीत. मला त्याचा फार त्रास व्हायचा. आता मी ते होऊ देत नाही. एका विद्यार्थिनीनं स्वयंपाकघरातला आई-मुलाचा प्रसंग रेकॉर्ड केला. आवाज स्वच्छ, लेव्हल बरोबर. एडिटला बसली तेव्हा कळलं, की आईचे टेक घेताना फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू होता आणि मुलाच्या टेकला तो बंद पडला होता. दर कटला घरघर यायची, जायची. भरायला रूम टोन, म्हणजे कुणीच बोलत नसतानाचा त्या खोलीचा आवाज, हवा होता, तो घ्यायचाच राहिलेला. एक मिनिटभर सगळ्यांना गप्प उभं करायला तिला संकोच वाटला होता. तीन रात्री ती वाक्यांमधले अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे तुकडे वेचून जोडत बसली. मी मदत केली नाही, शेजारी बसून राहिलो.

पुढच्या शूटला ती घरात शिरल्या शिरल्या फ्रिजपाशी गेली, तो बंद केला आणि स्कूटरची किल्ली आत ठेवली, म्हणजे निघताना तो चालू करायचा राहणार नाही. प्रसंग संपल्यावर तिनं दिग्दर्शकाला न विचारता सगळ्या युनिटला जागच्या जागी उभं केलं आणि पूर्ण एक मिनिट रूम टोन घेतला.

तुमच्याकडे एडिटिंगची मशीन कमी असतील तर प्रसंग दोन मिनिटांचाच द्या, पण प्रत्येकाला द्या.