पोटाचा पट्टा राहू द्या, गळ्यातला टेप घ्या

ताई,

लग्नाच्या पंगतीत बायांनी 'कोणता महिना हाय?' म्हणून विचारलं आणि तुम्ही ताट तसंच ठेवून उठलात, हे वाचून मला त्या बायांचा फार राग आला. तुमचं वय ४७, गाव दारव्हा तालुक्यातलं. गर्भपिशवी काढली, मग शेत ठेक्याने दिलं आणि आता दिवसभर शिलाई मशीनवर बसता. हातपाय होते तसेच बारीक, पोट तेवढं सुटलं. मालक म्हणतात, खात्यापित्या घरची बाई अशीच दिसते. लेक म्हणते, मोबाइलवरून पोटाचा पट्टा मागवू. तुमचा प्रश्न असा, की पट्टा घ्यावा की पावडर, आणि हे पिशवी काढल्यामुळे झालं का.

पट्टा नको, पावडरही नको. पट्ट्याखाली घाम येतो, चरबी जागची हलत नाही. मी अडकले ते तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच ओळीवर: 'आईले शुगर होती, लकव्यानं गेली.' तुम्ही ती ओझरती लिहिली आहे. मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटते.

कातडीखालची चरबी चिमटीत धरता येते. खरा त्रास आतल्या चरबीचा, जी आतड्यांभोवती साठते. तिच्यातून सुटणारे स्निग्ध पदार्थ थेट यकृताकडे जातात. मग साखर ताब्यात ठेवणारं शरीरातलं इन्सुलिन नीट काम करेनासं होतं, साखर वाढते, रक्तदाब चढतो. मधुमेह, हृदयविकार, लकवा, यकृतावरची चरबी, या सगळ्यांचा धोका त्यातून वाढतो. हातपाय बारीक आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. वजन बेताचं असूनही आपल्या लोकांच्या अंगात चरबी जास्त असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कितीतरी वर्षं सांगत आले आहेत. म्हणून आपल्याकडच्या बायांसाठी कमरेची मर्यादा ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच धरतात. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दहा प्रौढांपैकी जवळपास चौघांचं पोट वाढलेलं निघालं. त्या पंगतीतही तुम्ही एकट्या नव्हत्या.

टेप तर तुमच्या गळ्यातच असतो. परकराची नाडी बांधता तिथे मोजू नका, ती जागा खाली येते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. शेजारणीकडे टेप नसेल तर तिला दोरी द्या. उंचीएवढी दोरी घेऊन ती दुमडून अर्धी करायची. ती अर्धी दोरी कमरेला पुरली नाही, तर तपासणी करून घ्यायला हवी.

आता पिशवीचं. नुसती पिशवी काढल्याने पोट सुटत नाही. चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे बायांच्या अंगातलं संप्रेरक कमी होतं आणि मांड्या-कुल्ह्यांवर जाणारी चरबी पोटाकडे वळते. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील, तर हा बदल हळूहळू न होता एकदम होतो. अंडाशयं ठेवली असली तरी त्यांचं काम कधीकधी लवकर थांबतं. आपल्या भागात किती बायांना पिशवी काढल्याचं ठाऊक असतं, पण नेमकं काय काय काढलं ते कोणी सांगितलेलंच नसतं! दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड शोधा आणि डॉक्टरांना दाखवा.

बाकी कारण तुमच्याच पत्रात आहे. कापूस वेचणं, निंदण, सोंगणी, सगळं एकदम सुटलं. जेवण मात्र शेतावर जाणाऱ्या बाईचंच राहिलं. शेवटी बसायचं आणि उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून संपवायचा, हे आधी बंद करा. चहातली साखर निम्मी करा. चतुर्थीला साबुदाण्याऐवजी दही, शेंगदाणे, फळ घ्या. उपाशी राहू नका. घट्ट तुरीचं वरण, हरभऱ्याची उसळ, जवसाची चटणी आणि भूक असेल तेवढीच ज्वारीची भाकर खा. राशनच्या गहू-तांदळाने भाकर ताटातून गेली, याचं मला खरंच वाईट वाटतं. वरणावर, वडा-भातावर तेल ओतायची आपली सवय आहे, तिथे हात आखडा.

रोज अर्धा तास झपाझप चाला. एकटीला लाज वाटत असेल तर दोघी-तिघी मिळून सकाळी पांदणीने जा; एप्रिल-मेमध्ये उन्हं चढायच्या आत परत या. नुसते पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही, ती सगळ्या अंगाबरोबर उतरते. तासाभराने मशीनवरून उठा, हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठाबसा. दहा-बारा किलो नको, वजन शेकडा पाच-सात टक्के उतरलं तरी साखर आणि रक्तदाबाला फरक पडतो.

एक गोष्ट मात्र वेगळी. पोट थोड्या आठवड्यांत झपाट्याने वाढलं, सतत फुगलेलं राहिलं, चार घासांतच भरल्यासारखं वाटलं किंवा रक्त गेलं, तर ती चरबी समजून थांबू नका. अंडाशयाचा आजार असाही दिसतो. लगेच डॉक्टर गाठा.

तसं काही नसेल तर या आठवड्यात उपकेंद्रात जा. तिशीपुढच्या सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर तिथे फुकट तपासतात. आशाताई जो फॉर्म भरते, त्यात कमरेचं मापही विचारलेलं असतं. आईची शुगर आणि लकवा आवर्जून सांगा. आणि मालकांनाही सोबत न्या, वय त्यांचंही तिशीपुढचंच आहे.