शेजाऱ्याने बांध कोरून जमीन दाबली, १२ वर्षं उलटली. ती आता त्याची झाली का? आणि रात्री शिकारीला शेतात शिरणाऱ्यांचं काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही नाशिक शहरात राहता, वडिलोपार्जित जमीन येवला तालुक्यात राजापूर-ममदापूरच्या अंगाला आहे. शेजाऱ्याने गेल्या १४ वर्षांत बांध कोरत कोरत तुमची पट्टी आत घेतली. वडिलांनी त्याला कडबा रचायला दिलेला कोपराही तो आता आपलाच म्हणतो. गावातले सांगतात, 'बारा वर्षांची वहिवाट झाली, आता विसरा.' शिवाय रात्री बॅटऱ्या आणि कुत्री घेऊन लोक ससे-डुकरं मारायला येतात आणि 'आम्ही पहिल्यापासून येतो' म्हणतात.

विसरायचं काही कारण नाही. बारा वर्षांचा आकडा गावात सगळ्यांना पाठ असतो, त्यामागच्या अटी मात्र कुणी सांगत नाही.

मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ६५. मालकीच्या आधारे कब्जा परत मागायला १२ वर्षांची मुदत आहे, पण ती समोरचा शेतात शिरला त्या दिवसापासून मोजत नाहीत. त्याचा कब्जा मालकाच्या विरुद्ध झाला त्या दिवसापासून मोजतात. यालाच 'प्रतिकूल कब्जा' म्हणतात. तुम्ही तुमची मालकी कागदावर दाखवली की पुढचं सगळं त्याने सिद्ध करायचं: कब्जा कोणत्या तारखेला घेतला, उघड घेतला का, सलग ठेवला का, मालकाला कळेल असा होता का. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कर्नाटक वक्फ बोर्डाच्या निकालात हे स्पष्ट केलंय. त्याच निकालात असंही आहे की 'जमीन मुळात माझीच' आणि 'प्रतिकूल कब्जाने माझी झाली' हे दोन बचाव एकमेकांना छेद देतात. त्यामुळे दावा लागला तर त्याची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, ओळ न ओळ वाचा. बहुतेक जण दोन्ही लिहून बसतात.

आता तुमच्या जमिनीचे दोन तुकडे वेगवेगळे बघा, कारण कायद्याने ते वेगळे आहेत.

कडब्याचा कोपरा वडिलांनी स्वतः दिलाय. परवानगीने मिळालेला कब्जा कितीही वर्षं चालला तरी आपोआप प्रतिकूल होत नाही. ज्या दिवशी त्याने उघडपणे 'हा माझा' म्हटलं, त्या दिवसापासून पुढे मोजायचं. मागच्या वर्षी म्हटलं असेल तर घड्याळ मागच्या वर्षी सुरू झालं. वडिलांनी दिला तेव्हा हजर असलेली दोन माणसं आजच गाठा, त्यांची नावं लिहून ठेवा. साक्षीदार म्हातारे होतात.

इथे एक चूक हमखास होते. माणूस रागाच्या भरात तहसीलला अर्ज देतो: 'सदर इसमाने गेल्या १४ वर्षांपासून बेकायदेशीर कब्जा केलेला आहे.' पुढे हाच अर्ज समोरचा वकील कोर्टात काढतो आणि विचारतो, १४ वर्षांपासून कब्जा आहे आणि तुम्हाला माहीत होता ना? तुमच्याच सहीने त्याचं अर्धं काम झालेलं असतं. जे घडलं तेच लिहा: 'माझ्या वडिलांनी परवानगीने वापरण्यास दिलेली जागा अमुक महिन्यापासून परत देण्यास नकार देत आहे.'

बांधाचं गणित तर आणखी तुमच्या बाजूचं आहे. समजा बांध १८० मीटर लांब आहे आणि दर नांगरटीला रोटाव्हेटर वीतभर, म्हणजे साधारण २३ सेंटीमीटर आत आला. १४ वर्षांत सव्वातीन मीटर रुंदीची पट्टी गेली, सहा गुंठ्यांच्या आसपास. पण यातल्या कोणत्या भागाला १२ वर्षं पूर्ण झाली? फक्त पहिल्या दोन-तीन वर्षांत खाल्लेल्या हातभर पट्टीला. बाकीची पट्टी नंतरची, तिची मुदत अजून चालू आहे. त्या हातभर पट्टीचीही नेमकी जागा आणि साल शेजाऱ्यालाच सिद्ध करावं लागेल, आणि बांध दरवर्षी सरकत असताना ते जवळजवळ अशक्य असतं.

म्हणून निवांत बसा असं नाही. हे गणित दर हंगामाला तुमच्या विरुद्ध सरकतं. आणि नोटीस, तलाठ्याकडचा अर्ज, पोलिसांतली तक्रार यांपैकी कशानेच मुदत थांबत नाही. ती थांबते दिवाणी दावा दाखल केल्याने किंवा कब्जा परत मिळाल्याने. शेजाऱ्याने मुदतीच्या आत सही करून तुमची मालकी लेखी मान्य केली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात. गावकीच्या बैठकीत तडजोड होणार असेल तर तोंडी मिटवू नका, दोन ओळींच्या कागदावर तारखेसह त्याची सही घ्या.

पहिलं काम मोजणी. तालुका भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज ऑनलाइन होतो. चालू सातबारा जोडा आणि लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं-पत्ते बरोबर द्या. एकाला नोटीस पोचली नाही तर मोजणी लांबणीवर पडते किंवा नंतर तीच हरकत येते. कांदा-मका उभा असताना मोजणी मागू नका, रान मोकळं झाल्यावर घ्या. तुमच्या गटाचं टिपण आणि फाळणी नकाशा (जुन्या मोजणीची मापं आणि हद्दी) नकला विभागातून आधीच काढून ठेवा, म्हणजे भूकरमापक कशावरून हद्द बसवतोय ते कळेल. खुणांवर दगड रोवून घ्या, त्यांचे फोटो काढा, मोजणी नकाशाची 'क' प्रत हातात घ्या. शेजाऱ्याला मोजणी मान्य नसेल तर तो निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागेल. मागू द्या, तो त्याचा हक्क आहे.

मोजणीने हद्द ठरते, कब्जा मिळत नाही. 'क' प्रत हातात आली की ट्रॅक्टर घालून बांध मागे सारणारे असतात, आणि गुन्हा त्यांच्यावरच दाखल होतो. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ प्रमाणे, मालकानेही कायदा सोडून कुणाला हुसकलं तर हुसकलेला माणूस सहा महिन्यांत दावा लावून कब्जा परत मिळवू शकतो. या मार्गात मालकी कुणाची हे कोर्ट बघतही नाही. अतिक्रमण ताजं असेल तर हीच सहा महिन्यांची वाट तुम्हालाही मोकळी आहे, शिवाय तहसीलदारांपुढे मामलतदार कोर्ट ॲक्ट १९०६ खालीही सहा महिन्यांत जाता येतं. तुमचं प्रकरण जुनं आहे, त्यामुळे दिवाणी कोर्ट. तिथे फक्त मनाई हुकूम मागू नका. जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याविरुद्ध नुसत्या मनाईचा दावा टिकत नाही. कब्जा परत मागा, त्याने मालकीच नाकारली असेल तर 'मालक मीच' अशी कोर्टाची घोषणाही मागा आणि कोर्ट कमिशनमार्फत, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाकडून, मोजणीचा अर्ज सोबत द्या. २०१९ पासून समोरचाही प्रतिकूल कब्जाच्या आधारे स्वतः दावा लावू शकतो (सर्वोच्च न्यायालय, रविंदर कौर ग्रेवाल). त्याआधीच्या काही निकालांत तो फक्त बचाव धरला होता. तुम्ही आधी जा.

सातबारा नावावर आहे म्हणून झोप लागत असेल तर थोडी कमी करा. फेरफार नोंद मालकी देत नाही, पण उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. तुमच्या गटावर काही नोंद होत असल्याची नोटीस आली तर १५ दिवसांत लेखी हरकत घ्या आणि पोच सांभाळा. ई-पीक पाहणी (मोबाइल ॲपवर पिकाची नोंद) दर हंगामाला स्वतः शेतात उभं राहून करा. फोटो, जागा, तारीख हे सगळं सरकारी नोंदीत जातं, आणि कोर्टात शहरातल्या मालकाची वहिवाट दाखवायला याच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. दुसऱ्या कुणाचं नाव वहिवाटीला लावायचं तर तलाठ्याला परस्पर अधिकार नाही. त्यासाठी गाव नमुना १४ (वहिवाटीच्या चौकशीचा फॉर्म) वर तहसीलदारांची चौकशी लागते.

जमीन निम्म्या वाट्याने दुसऱ्या कुणाला देत असाल तर प्रतिकूल कब्जापेक्षा मोठी भीती कुळाची आहे. वाटेकरी म्हणून शिरलेला माणूस प्रतिकूल कब्जा सांगू शकत नाही, पण कूळ कायद्याखाली 'मी कायदेशीर कसतो' म्हणू शकतो, आणि तो कूळ आहे की नाही हे दिवाणी कोर्ट ठरवत नाही, तहसीलदार ठरवतात. म्हणून वाट्याचा कागद बाजारातल्या छापील फॉर्मवर करू नका. चुकीच्या शब्दांनी तोच कागद कुळाचा पुरावा होतो. सुरगाणा, पेठ, कळवणकडचे कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढंच: आदिवासी खातेदाराच्या जमिनीला वेगळं संरक्षण आहे, तिथे हे बारा वर्षांचं गणित लावू नका.

आता शिकारी. 'पहिल्यापासून येतो' याने त्यांना काहीही मिळत नाही. अधूनमधून रानात शिरणं हा कब्जा नाही. सुविधाधिकार कायद्यात (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट-पाणी वापरण्याच्या हक्काचा कायदा) वापराचा हक्क मिळायला २० वर्षं हक्काने, उघड आणि विनाअडथळा वापर लागतो, आणि जे कृत्य मुळात गुन्हा आहे त्याचा हक्क वापराने तयार होत नाही. शिकार हा गुन्हाच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ तुमच्या खासगी रानातही तेवढाच लागू आहे. रानडुक्कर मारायलाही वन विभागाची लेखी परवानगी लागते, आणि ती न घेता तुम्हालाही स्वतःच्या रानात डुक्कर मारता येत नाही. तुमच्या भागात ममदापूरचं काळवीट संवर्धन राखीव क्षेत्र आहे. काळवीट, मोर, बिबट्या या कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, येतात, त्यांच्या शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद आहे. फासा लावणं, जाळं टाकणं, कुत्र्यांनी पिटाळणं, नुसता प्रयत्न करणं, हे सगळं कायद्यात 'शिकार'च.

तक्रार दोन ठिकाणी करा. वनपरिक्षेत्र कार्यालयात शिकारीची, आणि पोलिसांत अतिक्रमणाची: भारतीय न्याय संहिता कलम ३२९. गुन्हा करण्याच्या इराद्याने दुसऱ्याच्या जागेत शिरणं म्हणजे फौजदारी अतिक्रमण. इरादा शिकारीचा आहे हे दाखवलं की ही अट पुरी होते, म्हणून अर्जात 'शेतात आले' एवढंच न लिहिता बॅटरी, कुत्री, बंदूक, फासे, वेळ आणि गाडीचा नंबर लिहा. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, म्हणजे किरकोळच. खरा दणका वन्यजीव कायद्याचा बसतो, म्हणून वन विभागाचा अर्ज आधी.

रात्री एकट्याने अडवायला जाऊ नका. वन विभागाची हेल्पलाइन १९२६, पोलीस ११२. सकाळी बांधाच्या भगदाडात, कुंपणाच्या खालच्या तारेजवळ आणि पाण्याच्या वाटेवर बघा. क्लचच्या वायरचा फास खुंटीला बांधून जमिनीपासून वीतभर उंचीवर सोडलेला असतो, गवतात सहज दिसत नाही. तो काढून घरी आणू नका, मेलेल्या जनावराला किंवा पडलेल्या काडतुसालाही हात लावू नका. जागेवरच फोटो काढा आणि वनरक्षकाला बोलावून पंचनामा करायला लावा. फासा तुमच्या ओसरीवर सापडला तर पहिले प्रश्न तुम्हालाच विचारले जातील.

आणि डुकरांना किंवा माणसांना अडवायला मेन लाइनचा करंट तारेत सोडायचा विचार कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. माणूस मेला तर मनुष्यवधाचा गुन्हा, बिबट्या मेला तर अनुसूची १, शिवाय वीजचोरी वेगळी. सौर झटका मशीन बसवा, तारेवर पाटी लावा, आणि गटाच्या दोन्ही वाटांवर गट नंबरासह 'परवानगीशिवाय प्रवेश व शिकार बंद' असा फलक ठोका. त्याचा तारखेसह फोटो काढून मोजणीच्या 'क' प्रतीसोबत त्याच फायलीत ठेवा.