गुगल अर्थवरून उंची घेऊन सिव्हिल थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कॉन्टूर काढता येतात का? मिरजेजवळ सहा एकरांचा लेआउट आहे, सर्व्हेचा खर्च वाचेल का?

कॉन्टूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, येतात. खर्च वाचत नाही, पुढं ढकलला जातो. खरं तर इथंच थांबायला हवं, पण ‘खर्च वाचेल का’ हे वाचलं आणि आमचे दाजी आठवले.

दाजींचा मळा तासगाव तालुक्यात. विहीर एका टोकाला, द्राक्षबाग दुसऱ्या टोकाला. बेत असा की विहिरीजवळ हौद बांधायचा, तो मोटारीनं भरायचा आणि तिथून बागेजवळच्या टाकीत पाणी उतारानं आपोआप जाऊ द्यायचं. मी म्हटलं, ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावतो, सकाळी सुरू केलं तर जेवणापर्यंत उरकेल, पैसे नकोत. भाचा तेव्हा नुकताच सिव्हिलची पदवी घेऊन आलेला. “मामा, आता कुठं उन्हात स्टाफची मोजपट्टी धरून उभं राहायचं?” म्हणाला आणि लॅपटॉपवर बसल्या बसल्या एल-सेक्शन, म्हणजे जमिनीच्या चढउताराचं चित्र, काढून दिलं. रंगीत. हौदापासून टाकीपर्यंत चार मीटर उतार. दाजींनी ते चित्र देवघरात लावायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

जेसीबीनं चर मारला, पाइप गाडला, हौद भरला. पाणी येईना. हौद काठोकाठ भरला की टाकीत करंगळीएवढी धार पडायची, पाणी हातभर खाली गेलं की तीही बंद. मग माझी आठवण झाली. लेव्हल लावली, तर दोन टोकांत फरक वीतभर.

चार मीटर आले कुठून? मी एसआरटीएमची, म्हणजे अवकाशातून मोजलेल्या उंचीच्या आकड्यांची, फाइल उतरवून मळ्यावर टाकली. विहिरीपाशी टेकाड दिसतंय, आणि जाग्यावर तर टेकाड नाही. तिथं पूर्वी दाट आमराई होती, वाटण्या झाल्या तेव्हा तुटली. एसआरटीएमचं मोजमाप फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ यानातल्या रडारनं ११ दिवसांत केलं. ते रडार झाडांच्या शेंड्यांतच अडकतं, जमिनीपर्यंत नीट पोचत नाही. झाडं जळणाला जाऊन जमाना झाला, आकड्यांत ती अजून उभी आहेत. गुगल अर्थच्या उंचीतही याच मोजमापाचा मोठा वाटा आहे, तेव्हा भाच्यानं काढलेला उतार हा आंब्याच्या शेंड्यावरून बागेच्या मातीपर्यंतचा.

त्यात ३० मीटरला एक आकडा, तोही पूर्ण मीटरमध्ये. तुमच्या सहा एकरांत असे पंचवीस-तीस आकडे बसतील. त्यावर १० सेंटिमीटरचे कॉन्टूर मागा, सॉफ्टवेअर मुकाट्यानं काढून देतं, त्याला काय जातंय! मोहिमेनं उंचीतली चूक १६ मीटरपर्यंत धरली होती. आपल्या भागात प्रत्यक्षात ती बरीच कमी येते, पण सांगलीत आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ४५ फूट आणि २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेलं. म्हणजे सगळा हाहाकार १२ फुटांत, पावणेचार मीटरांत. तरी लोक गुगल अर्थवरून पूररेषा काढून प्लॉट विकतात. मिरजेकडचा तुमचा लेआउट सपाटच असणार. गटार कुठल्या बाजूला वाहणार हे तिथं फूटभर फरकावर ठरतं.

आता कसं करायचं ते. सिव्हिल थ्रीडीत गुगल अर्थमधून थेट सरफेस (जमिनीचा आकार) घ्यायची सोय होती, ती २०१३ च्या आवृत्तीपासून काढली. आता उंचीच्या आकड्यांची जिओटिफ फाइल उतरवा: एसआरटीएम, कोपर्निकस किंवा इस्रोच्या भुवन पोर्टलवरचा कार्टोडेम. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये कापून यूटीएम ४३ उत्तर या मीटरांत मोजणाऱ्या झोनमध्ये बदला आणि डीईएम (उंचीचा डिजिटल नकाशा) म्हणून सरफेसला जोडा. झोन न बदलता अक्षांश-रेखांशात घातलंत तर सगळी जागा सुईच्या टोकाएवढी दिसेल. अलॉस पालसारचा १२.५ मीटरचा डीईएम बघून हुरळू नका, तो जाड माहितीच बारीक चौकटीत बसवलेला आहे. आणि डीजीपीएस यंत्राची कच्ची उंची यात मिसळू नका, ती समुद्रसपाटीपासूनची नसते, आपल्याकडे दोन्हींत साठ मीटरांहून जास्त फरक पडतो.

हे सगळं कुचकामी आहे असं मी म्हणत नाही. पाटण-जावळीकडं, चाळकेवाडीच्या पठारावर रस्त्याची पहिली आखणी करायची, ओढ्याचं पाणलोट काढायचं, तर मीही हाच डीईएम वापरतो. तिथं चढ शेकडो मीटरांचा, चार मीटर इकडंतिकडं झाले तरी निभावतं. कडा मात्र तिथंही घसरगुंडीसारखा दिसतो.

भाचा अजून म्हणतो, ड्रॉइंग बरोबर होतं, पाइपवाल्यानं घोळ घातला. अरे, चार मीटर उतार असता तर पाइप वाकडातिकडा टाकूनही पाणी धो धो आलं असतं! शेवटी हौदावर दुसरी मोटार बसवली.

तुम्ही टोटल स्टेशनवाला (जागेवर यंत्रानं मोजणी करणारा) बोलवा. सहा एकर फार मोठं काम नाही. त्याच्याकडून नुसती पीडीएफ घेऊ नका, पॉइंटच्या आकड्यांची सीएसव्ही फाइल मागून घ्या आणि बीएम (उंचीची कायमची खूण) पक्क्या दगडावर मारायला लावा. घरात कुणी इंजिनिअर भाचा असेल तर त्याला प्रिझम धरायला पाठवा.